फुटावर मोजलेला ओढा

हॉबर्ट स्टिडम, वय एकाहत्तर.
एकतीस वर्षं कोळशात गेली,
आता टॅकेटच्या ओढ्याकाठी
वाळुंजाच्या काठ्या रोवतो, तासाच्या बोलीवर.
मी फीत धरते.

पलीकडच्या खोऱ्यात कंपनीनं
डोंगराचा माथा उतरवून एक ओढा बुजवला.
त्याची फेड इथं : तेवढेच फूट,
दोन्ही काठांना झाडं.
कागदावर जमाखर्च जुळतो.
पाणी अजून गंजाच्या रंगाचं.

"कोंब वर ठेव," तो म्हणतो,
"उलटी रोवली की मरते.
मोजणारा नुसत्या काठ्या मोजतो."

"बुजवला त्या ओढ्याचं नाव काय?"
पहार चिखलात रुतलेली. ती हलवत राहिला.
"नकाशात नव्हतं.
आम्ही वर्नाचा म्हणायचो.
बहीण माझी. खेकडा धरायला गेली,
अंगठा फोडून घेतला,
तरी खेकडा सोडला नाही."

संध्याकाळी चारशे बाराचा आकडा मी लिहिला.
एक काठी त्यानं मोजू दिली नाही,
ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीत ठेवली.

"कुठं लावणार?
तिथं तर दोनशे फूट दगड आहे."

"माहीत आहे," म्हणाला,
आणि गाडी
त्याच बाजूला वळवली.