दोन बोटं लूज

सिव्हिलच्या मागच्या दाराला रॅम्प आहे.
रॅम्पवर सलाइनची खोकी आहेत.
अभिनंदननं ती पायानं सारली,
मला उलटं वळवून वर ओढलं,
तेव्हा माझ्या खुर्चीचं पुढचं चाक
अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं बोंबललं.

"मगदूम पद्मवती!"
पद्मावती, म्हटलं.
कार्डावर पद्मवतीच आहे, ते म्हणाले.
आधारच्या दोन प्रती, रेशनची एक, दाखला.
दाखल्यावर ऐंशी टक्के.
उरलेल्या विसात मी निम्म्या बुधगावची ब्लाउजं शिवते,
त्याला रकाना नाही.

कोष्टी सरांनी टेप काढला.
मला आधी टेप दिसला, मग सर.
सुरुवातीचा पाऊण इंच तुटलेला,
म्हणजे सकाळपासून सगळा जिल्हा
पाऊण इंच रुंद लिहिला गेलाय.
साडीच्या घोळावरूनच त्यांनी माप घेतलं. "सोळा."
काय ओ, म्हटलं, घोळपण बसवताय होय खुर्चीत?
ते हसले नाहीत. माझ्यामागं चाळीस माणसं होती,
एक पोर तर आईच्या कडेवर, आठ वर्षांचं.

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या अंगाला टेप लावते.
कोण पोट आत घेतं, कोण खांदे पाडतं,
लग्नाच्या आधी कोण म्हणतं, ताई, घट्टच ठेवा,
सगळं ठाऊक.
पण आज माप माझं,
आणि हात कुठं ठेवायचे तेच कळेना.
कमरेखाली टेप लागतो ते मला समजत नाही.
मांडी: सतरा. पोटरी: पंधरा.
ऐकत राहिले, दुसऱ्या कुणाचं तरी चालल्यासारखं.

मग म्हटलं, द्या इकडं.
घोळ बाजूला सारला,
पाऊण इंच वजा केला,
"चौदा. वर दोन बोटं लूज धरा.
बोटं माझी धरा, तुमची जाड आहेत."
आता मात्र ते हसले.
लिहिलं काय? मध्यम.
लहान, मध्यम, मोठी, एवढंच असतं त्यात.

शेजारी एक शिकाऊ पोरगी होती, तेजल.
तिनं विचारलं,
मावशी, दिवसभर खुर्चीत बसून काय करता?
जखम विचारतात, लघवी विचारतात,
बसून काय करता, हे कुणी विचारलं नव्हतं.
सांगितलं: मशीनला मोटार आहे,
पायडल टेबलावर ठेवून कोपरानं दाबते,
पण खुर्चीचे हात टेबलाला आडवे येतात,
वीतभर लांब बसावं लागतं,
वाकून वाकून संध्याकाळी पाठीत खिळा मारल्यागत होतं.
हात निघणारी खुर्ची असते का गं?
असते, म्हणाली. यादीत नाही.
तरी तिनं समासात बारीक अक्षरात लिहिलं,
आणि लिहिताना तिची बाही काखेत ओढत होती.
मुंढा चुकलाय तुझा, म्हटलं,
कापड घेऊन ये बुधगावला.

खुर्ची कधी?
फोन येईल.
म्हणजे?
वरून मंजुरी आली की येईल.
मी गिऱ्हाइकाला तारीख देते.
चुकते, शिव्या खाते, पण देते.

येताना अभिनंदननं चाकाला तेल घातलं, भज्याच्या गाड्यावरचं.
गावापर्यंत टेम्पोभर भज्यांचा वास,
चाक फाट्यापर्यंत गप्प होतं.

रात्री मापांची वही काढली.
शिंदे काकूंच्या खाली, डोंगरेंच्या सुनेच्या वर
एक ओळ रिकामी होती.
मगदूम पद्मावती. रुंदी चौदा, लूज दोन बोटं. हात निघणारे.
आगाऊ: काही नाही.
तारखेच्या रकान्यात पेन्सिल ठेवली,
आणि तशीच वही मिटली.
सकाळी शिंदे काकू दारात उभ्या,
ब्लाउज झालं का म्हणून.