दाराखालचा टॉवेल

ग्रिम्सबीत सकाळी आठला
वाऱ्याला हॅडॉकचा वास असतो,
आणि मला बारा अनोळखी माणसांना लिहायचं असतं.

आम्ही रबर विकतो.
शीतगृहाच्या दाराला कडेनं बसतं ते काळं रबर,
गारवा आतल्या आत राहावा म्हणून.
म्हणजे दारं घट्ट मिटणारी वस्तू खपवायला
मी दिवसभर दारं उघडायला बघते.
ट्रेव्हर ब्लँचर्डला हा विनोद तीनदा सांगितला.
त्यानं तीनदा विचारलं,
आज किती उत्तरं आली?

माझी पहिली ओळ असायची:
आपण कुशल असाल अशी आशा करते.
ट्रेव्हर म्हणाला, कशाला करतेस?
तू त्यांना ओळखत नाहीस
आणि हे त्यांना ठाऊक आहे.
मग लिहिलं: आम्ही बावीस वर्षं या धंद्यात आहोत.
तो म्हणाला, असाल. त्यांना काय त्याचं?
'मी' नको, 'आम्ही' नको, खोटी स्तुती तर नकोच,
आणि देवाशपथ, नावाचं स्पेलिंग चुकवू नको.

त्याला कसं सांगू, आमच्याकडे
सुरुवात आयती मिळायची.
वर श्री. मग सा. न. वि. वि.
मग पत्रास कारण की.
या तीन पायऱ्या उतरेपर्यंत समोरच्यानं
चष्मा शोधून, धोतराला पुसून, नाकावर चढवलेला असायचा.
इथे कारण यायच्या आत
बोट कचऱ्याच्या डब्यावर.

माझं आडनाव टिपणीस.
कुणी पूर्वज कुठल्याशा दरबारात टिपणं लिहायचा म्हणे.
ती न वाचायची कुणाची टाप नव्हती.

ओळख या शब्दात ओळ आधी येते,
मग उरतो नुसता ख.
खगोलातला ख, बाईंनी सांगितलेलं,
म्हणजे आकाश, पोकळी.
रोज बारा ओळी मी तिच्यात सोडते.

एका मंगळवारी बस गोदीजवळ अडकली.
खिडकीतून एक जुनं विटांचं धुरघर दिसलं,
मासे धुरावतात तिथलं,
आणि त्याच्या शीतखोलीचं मागचं दार.
दाराखाली निळा टॉवेल,
पीळ देऊन कोंबलेला,
कडेनं पांढरं हिंव धरलेलं.

ऑफिसात पोचून लिहिलं:
मॉरीन, तुमच्या मागच्या दाराखाली निळा टॉवेल आहे.
खाली काय विकते ते, एवढंच.
ट्रेव्हरला दाखवलं नाही.
पाठवल्यावर पोटात गोळा आला.
दुसऱ्याच्या परसातलं त्याच्या तोंडावर बोलू नये,
आई म्हणायची,
वाळत घातलेल्या कपड्यांकडे तर बघूसुद्धा नये.

चौदा मिनिटांनी उत्तर:
टॉवेल दिसण्याइतकी जवळ होतीस,
तर कडी का नाही वाजवलीस?

ट्रेव्हरच्या फायलीत तेहतीस पहिल्या ओळी होत्या.
दुसरी कुणी लिहून ठेवलीच नव्हती.

गेले.
दाराबाहेर उभी राहून तीन वाक्यं जुळवली,
तिन्ही 'मी'पासून सुरू होणारी.
टॉवेलवरून सुटलेला गारठा घोट्यांना चावत होता.
कडीला हात घालायच्या आत दार उघडलं.
रबरी बूट, मनगटापर्यंत खवले,
भुवईत काजळी.
पहिली ओळ तीच बोलली:
आत ये, आणि दार लावून घे.

लावलं.
लागेना.
दोघी खाली वाकून
टॉवेल कोंबू लागलो.