भिंतीची कोणती बाजू

शब्बीर मिस्त्री म्हणाला, सीलन आहे ताई,
पंचवीस हजार लागतील, गॅरंटी पाच साल.
मी म्हटलं, थांब. आधी पाणी कुठलं ते कळू दे.

बँकेत एकतीस वर्षं काढली मी.
जमा की नावे, हे ठरल्याशिवाय
एक आकडा लिहिला नाही.

नव्या चादरीची पारदर्शक पिशवी कापून
वीतभर चौकोन केले दोन,
एक उत्तरेच्या भिंतीला, एक दक्षिणेच्या,
चारी कडा चिकटपट्टीनं बंद.
उपेंद्र खाटेवरून बघत होता.
"भिंतीला पोटीस बांधतेस का?"
देवासचा कारखाना बंद झाल्यापासून
तो तळघरातच असतो.
हीटरवर चहा, दोरीवर बनियन, खिडकी लावलेली.
म्हणतो, इथं गार वाटतं.

दोन दिवसांनी उत्तरेचा चौकोन
मागून ओला. म्हणजे मातीचं पाणी.
हे सोपं होतं.
इंदूरची काळी माती भाद्रपदात फुगून भिंतीला खेटते,
वैशाखात बोट जाईल एवढी भेग सोडून मागे सरते,
आणि पुढच्या वर्षी त्याच भेगेतून
पाणी थेट पायाशी.
गच्चीचा पाइप नेमका तिथंच सुटत होता.
त्याला सहा फूट जोड दिला.
भिंतीलगतची कर्दळ उपटून फाटकाशी लावली,
भर घालून उतार रस्त्याकडे काढला.
गोटी ठेवून पाहिली, गडगडत गेली.
शब्बीरला मजुरी दिली, चहा दिला.
तो जरा नाराजच.

दक्षिणेचा चौकोन मागून कोरडा.
थेंब होते ते खोलीच्या बाजूला,
बारीक, घामोळं उठावं तसे.
हे पाणी बाहेरून आलेलं नव्हतं.
चहाची वाफ, ओले बनियन,
आणि रात्रभर श्वास सोडणारा
एक माणूस.

याला कुठला मिस्त्री बोलावू?

उपेंद्रनं विचारलं, "काय निघालं?"
मी म्हटलं, "पाइप. उत्तरेचा."
दुसऱ्या दिवशी दोरी सोडून गच्चीवर बांधली.
हीटर बिघडलाय सांगून माळ्यावर टाकला.
चहाला आता त्याला चौदा पायऱ्या चढाव्या लागतात.
कुरकुरतो. चढतो.
कधी कधी पेपर संपेपर्यंत वरच बसतो.

ओल अजून आहे थोडी.
जिन्याखाली लोणा फुटतो,
मी ब्रशनं झाडते, वहीत तारीख लिहिते.

कोपऱ्यातल्या खड्ड्यात पंप बसवलाय.
महिन्यातून एकदा, चांगल्या कोरड्या दिवशी,
बादलीभर पाणी ओतून बघते,
गोळा वर येतो का, मोटर बोलते का.
गरज पडेल त्या रात्री बघून उपयोग नसतो.

तशीच संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून
हाक मारते, "उप्या!"
काम काही नसतं.
"काय गं?" येतं खालून,
वैतागून.