मुळाचं टोक

इमाकिइरे आजोबा आधी फूल बघतच नाहीत.
फूल काय, कुणाचंही मन राखतं, म्हणतात.
कुंडी फिरवतात, चष्मा कपाळावर,
आणि शेवाळातून सुटलेल्या मुळाचं टोक
भिंगाखाली धरतात:
हिरवं. बाटलीच्या काचेसारखं. तांबूस छटा नाही.

कागोशिमात ऑगस्ट. टेबलावर ज्वालामुखीची राख,
सकाळी पुसली तरी दुपारी पुन्हा.
समोर बाई बसल्यात, साठी उलटलेल्या, छत्री मांडीवर.
आईची ही फूरान. नावाची पट्टी नाही.
आई मार्चमध्ये गेली.

"फुलली कधी?"
"आत्ता. शेजाऱ्यांच्या सगळ्या कधीच आटोपल्या."
आजोबा हुं करतात.
पान लांब. फुलाची शेपटी लांब, बाकदार.
पानाचा सांधा चंद्रकोरीचा,
पण तो पुरावा नव्हे, चंद्रकोर कुठेही निघते.

बारा कोसांवर बोली बदलते;
समुद्राचे कोस कोण मोजणार?
इथल्या डोंगरातली बुटकी, लवकर उरकणारी,
दक्षिणेच्या बेटांवरची ऐसपैस, उशिराची.
मधल्या बेटांवर दोन्ही, आणि कुंड्यांमध्ये तर
माणसांनी सगळंच एकमेकांत कालवून ठेवलेलं.

"आई बेटावरची होती का?"
बाई छत्रीची मूठ चोळतात.
आडनाव एका अक्षराचं होतं, म्हणे.
इथं आल्यावर तिनं त्याला दुसरं अक्षर जोडलं.
बोलणं घासलं, इतकं घासलं
की रेडिओवरच्या निवेदिकेसारखं सपाट झालं.
फक्त शेवटच्या आठवड्यात
पाणी मागायची अशा एका शब्दात
की नर्सनं मला विचारलं, ही कुठली भाषा?
मला तरी कुठे ठाऊक.

साठ वर्षं परसातल्या त्याच फांदीखाली,
आणि ह्या रोपानं
जूनला काही जून मानलं नाही.

आजोबा कोरी पट्टी घेतात, पेन्सिल शोधतात.
शाई का नाही, बाई विचारतात.
"शपथ घेववत नाही.
आमामीची दिसते. दिसते, एवढंच."
मग जरा थांबून,
"वास रात्री घ्या, नऊनंतर.
दिवसा ती ताकास तूर लागू देत नाही."

पिशवीत कुंडी नीट बसवताना
बाई ओठांतल्या ओठांत
तो पाण्याचा शब्द म्हणून बघतात,
चुकतो बहुतेक, पुन्हा म्हणतात,
आणि पायरीवरच्या राखेत
छत्री उघडून उतरतात.