मे महिन्याचा हिशोब

अकरा पुस्तकं. सगळी शाल्मलीची,
नेरुळच्या घरात माळ्यावर पडलेली.

पहिल्यातला ड्रॅगन फारच सभ्य.
दुसऱ्याचा नकाशा गोष्टीपेक्षा बरा,
आमच्या सिडकोलाही इतक्या नद्या सुचल्या नाहीत.
तिसरं, चौथं आत्ताच आठवत नाही.
भविष्यवाण्यांचा तर वीट आला.
निवडलेली पोरं सोळाव्या वर्षी राज्यं घेतात
आणि एकाचीही आई
डबा घेतलास का विचारायला
जिवंत नसते.

सातवं मात्र आवडलं.
त्यातली मुलगी तलवार परत करते,
म्हणते, नको मला, मला पोहायला शिकायचंय.
तिथे मी खूण ठेवली, वीजबिलाची.

शाल्मली म्हणाली, मावशी, तेच तर सगळ्यात बोअर!
यंदा सोळाची झाली.
खिडकीतून करावेची खाडी बघत होती,
माप घेत असल्यासारखी.