मापाड्याची साक्ष

मी याकोब दुशिंग, मापाडी,
जालन्याच्या मोंढ्यात एकवीस वर्षं.
गेल्या उपासकाळात, सुवार्ता सभेच्या तिसऱ्या रात्री
पुढं गेलो, गुडघे टेकले, माईकमध्ये रडलो.
मंडळी उभी राहिली. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला.
घरी आलो तर भूक कडकडून लागलेली.
चार भाकरी खाल्ल्या, ठेच्यासोबत.

तेव्हापासून ती भूक मला टोचतेय.

कारण सभेच्या आधल्याच आठवड्यात
वजनमापं खात्याचा साहेब येऊन गेला होता
आणि लायसनचं काही खरं नव्हतं.
मग रडलो कशानं?
देवासमोर उघडा पडलो म्हणून,
की साहेबासमोर?
आसवं दोन्हीकडची सारखीच खारट,
आणि आसवं जोखायचा काटा
अख्ख्या मोंढ्यात नाही.

पाप तसं किरकोळ. म्हणजे मी म्हणायचो किरकोळ.
बाजार उठला की बाया मोंढा झाडतात.
सांडलेली तूर, हरभरा, त्यातली माती, खडे,
पाखडून, निवडून, दिवेलागणीला
गाठोडं घेऊन काट्यावर येतात.
फळीखाली माझ्या पायाचा अंगठा असायचा.
एवढासा. चपलेतून निघालेला.
गाठोड्यामागं अर्धा किलो उचलायचा,
आणि वर तोंड म्हणायचं,
"बस माय, पाणी पी."

लहानपणी बाप सांगायचा त्या दोघांचं:
एकानं चांदीची नाणी देवळात परत फेकली
आणि तरी दोराला लटकला;
दुसऱ्यानं छदाम परत केला नाही,
कोंबडा आरवला तसा नुसता बाहेर जाऊन रडला,
तर त्याच्या हाती मेंढरं दिली.
मग खरं कशाला म्हणायचं, रडण्याला की फेडण्याला?
पहाटे शेजारच्या शफीकभाईचा कोंबडा आरवला.
मी अंथरुणात बसून वाट बघितली.
रडू काही आलं नाही.

शेवटी फेडायला निघालो.
चौपट द्यायचं ठरलं होतं,
बँकेत पोचेपर्यंत दुप्पट झालं.

कादराबादेत द्वारकाबाई चुलीपुढं होती.
मी सगळं सांगितलं, फळी, अंगठा, अकरा वर्षं.
ती म्हणाली, "ठावं व्हतं की.
अंगठा दिसायचा तुझा. नख काळं पडल्यालं."
"मग बोलली कामून नाहीस?"
"दुसरा काटा कुठं व्हता?"

अंगठ्याला थुंकी लावून तिनं नोटा मोजल्या,
दोनदा. पिठाच्या डब्यात ठेवल्या.
मी उभाच.
"आन् काय ऱ्हायलं?"
राहिलं काहीच नव्हतं.
पण मी उभा होतो, हे खरं,
तिच्या डोळ्यांत पाणी कधी येतंय ते बघत.
"सरक बाबा बाजूला," ती म्हणाली,
"उजेड अडतोय. भाकर करपती."

गल्लीत आल्यावर पहिलं काय केलं
तर इकडंतिकडं बघितलं,
मंडळीतलं कुणी दिसतंय का.
एक शेळी होती. कागद खात होती.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले, साक्ष द्या.
मी नको म्हणालो, मान खाली घालून,
आणि मान खाली असतानाच मनात आलं,
किती नम्र दिसत असेन मी.

आता सांगतोय तेही
एकदा काट्यावर घालावं लागेल.

बाकी सोमवारी काम चालू.
अंगठा अजून आपसूक फळीकडं वळतो.
फरक पडला असेल तर इतकाच,
की वळतो तेव्हा कळतं,
आणि कळलं की घाम येतो.
चपला काढून मी दोन हात मागं उभा राहतो,
वाकून, डोळे बारीक करून आकडा वाचतो.
हमाल हसतात.
द्वारकाबाई गाठोडं ठेवते
आणि आकड्याकडं नाही,
माझ्या पायांकडं बघते.

बघू दे.
रोज बघू दे.