जमिनीपासून चार बोटं

हेल्मेट डोक्यावर बसेना,
आधीच्या गिऱ्हाइकाचा घाम आत अजून ओला.
लावण्या म्याकल म्हणाली, "काका, मान ताठ ठेवा.
ब्रेक डावा. डावा म्हणजे घड्याळाचा हात."
मी घड्याळ घालत नाही,
हे तिला सांगितलं नाही.

सव्वासहा. ऊन अजून गच्च्यांवरच.
पाच गाड्या, मैनोद्दीननं एमआयडीसीत जोडलेल्या,
इंजिन भंगारातल्या स्कूटरचं,
सीट म्हणजे पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची.
पोरानं तिकीट काढलं, एकसष्टीचं.
म्हणाला, बघून या एकदा सोलापूर.
जन्म गेला बे इथं माझा,
काय बघायचं राहिलंय?

राहिलं होतं.
जमिनीपासून चार बोटांवर बसलं
की गाव दुसरंच निघतं.
चार पुतळ्यांचे नुसते चौथरे,
रिक्षाचं पोट, तेलानं काळं,
दूधवाल्याच्या चपलेचा तार बांधलेला अंगठा.
कुत्रं सरळ डोळ्यांत बघतं,
बरोबरीचा समजून.

पुढच्या गाडीला झेंडा, झेंड्याला भोंगा,
भोंग्यातून लावण्या :
"उजव्या हाताला भुईकोट किल्ला..."
मधेच फोन. "वस्तुन्नामा, वस्तुन्ना!"
ते पण भोंग्यातून, अख्ख्या रस्त्याला.
मग परत किल्ला, बुरूज, खंदक.
भुईकोट हा शब्द मी आज पहिल्यांदा
भुईवरून बघितला.

तळं दिसलं नाही. कठडा दिसला,
कठड्याच्या फटीत उभं
एक वीतभर पाणी,
त्यात देवळाचा एक पांढरा तुकडा.

"डावीकडे गिरणीची चिमणी होती," ती म्हणाली.
पाचही हेल्मेटं डावीकडे वळली.
आभाळ होतं.
"सकाळी आठला भोंगा व्हायचा."
सातला व्हायचा.
पहिला साडेसहाला, तो उठवायला.
आठला बाप माझा
दीड तासाचं सूत ओढून झालेला असायचा.
पोरगी विशीतली, पाठ केलेलं बोलते.
हे पण सांगितलं नाही.

अशोक चौकाच्या अलीकडे, बोळात
गाडी खोकली आणि मेली.
इंजिन थांबलं तेव्हा
भिंतीतल्या खालच्या जाळीतून, गटारीच्या उंचीवर,
माग ऐकू आले.
खटाक् खटाक् खटाक् खट्
आठ माग. चादरीचे.
बत्तीस वर्षं जॉबर होतो,
कान घेऊनच रिटायर झालो.
"तिसऱ्याचा पट्टा ढिला झालाय," मी म्हणालो.
लावण्या दोर सोडत होती.
"काका, याला पट्टा नाही. चेन आहे."

मग तिच्या गाडीमागं माझी, दोरानं बांधून,
बैलामागं वासरू निघाल्यासारखी.
स्टिअरिंग उगाच धरलेलं.
कारखान्याच्या कोपऱ्यावर ती थांबली,
बायका रस्ता ओलांडत होत्या, बिड्या द्यायला,
डोक्यावर टोपल्या, तोंडात तंबाखूचा वास आणि तेलुगू.
मला फक्त पाय.
चांदीचं जोडवं, चांदीचं जोडवं, एक मोकळं बोट,
प्लास्टरच्या पट्ट्या,
एक चप्पल निळी, अंगठ्यापाशी माझ्याच दाभणानं शिवलेली.

नागमणी घरात बसलेली असते.
मांडीवर सूप, पाय साडीत,
चाळीस वर्षं तसंच.
टाचा अशा फाटल्यात, भेग
आत गुलाबी, कडेला तंबाखूनं काळी,
इतकी की पाच रुपयाचं नाणं उभं राहील.
आणि डावा पाय ती
जरा ओढते. कधीपासून?

दोर आखडला होता, माझी गाडी आडवी.
ती थांबली. हेल्मेटात वाकून बघितलं.
"हॉर्न तरी मार की बे, पोरा,"
म्हणाली, आणि गेली.

हॉर्न उजव्या हाताला होता.